मोठ्या टायरांवरची चूल

माझं लग्न झालं तेव्हा शुक्रवार पेठेत सासरच्या माणसांच्या दोन खोल्या होत्या आणि चूल एक होती. त्या चुलीवर आधी सासूबाईंचा हक्क, मग थोरल्या जावेचा, मग माझा. माझी पाळी येईपर्यंत विस्तवाची राख झालेली असायची. जाऊ म्हणायची, "फुंक की गं. तुज्या छातीत लई दम हाय." चार वर्षं मी फुंकलं. त्यामुळे पुढं जे सांगणार आहे त्यात मी चुलीसाठी इतकी का भांडले, असं कुणी विचारू नये.

सासरे सुतार होते. बैलगाडीची चाकं करावीत तर त्यांनीच, असं खेड्यापाड्यांतली माणसं म्हणायची आणि सासऱ्यांनाही ते पटत असे. त्यांनी जत्रांसाठी एक लाकडी पाळणा केला होता, बसायला चार डोल्यांचा, हातानं फिरवायचा. पिकं निघाली की पाळणा सुटा करून दोन बैलगाड्यांवर घालायचा आणि सासरे, थोरले दीर आणि आमचे हे जत्रा करत हिंडायचे. बायका घरी. पुरुष दगडांच्या चुलीवर हातानं काहीतरी शिजवून खायचे आणि परत आले की महिनाभर पोटाच्या तक्रारी सांगायचे.

मग एका गिरणीतून मोडीत निघालेली लॉरी ह्यांनी उचलली. हे मोटार चालवायला शिकले. सासऱ्यांनी लॉरीवर लाकडाची अख्खी खोली चढवली. आत निजायला फळ्या, एक खिडकी, मागं दार आणि वर छपरावर पाळण्याचे भाग बांधायची जागा. लोक तिला घरमोटार म्हणायचे. मोटारीमुळं जत्रा वाढल्या, मुक्काम लांबले, तेव्हा रांधायला एक बाई पाहिजे असं ठरलं. सासूबाईंची कंबर धरलेली, जावेला तान्हं मूल. उरले मी. डाव्या मागच्या चाकाच्या वरच्या कोपऱ्यात सासऱ्यांनी पत्र्याच्या खोक्यात माती थापून मला चूल करून दिली. दोन हात लांब, दीड हात रुंद एवढं माझं राज्य. त्या मोसमात मला पहिल्यांदा कुणी "फुंक" म्हणालं नाही. म्हटलं असतं तर मी ऐकलंही नसतं.

दुसऱ्या वर्षी मोसमाच्या तोंडावर मागचे दोन्ही टायर गेले. एक फुटला, दुसऱ्याच्या आतले धागे बाहेर आले. वैरागकडची एक मोठी जत्रा आठ दिवसांवर होती. वैरागचा एक भुईमुगाचा व्यापारी आमच्या लॉरीवर डोळा ठेवून होता. सासऱ्यांनी त्याला शब्द देऊन टाकला: जत्रेपर्यंत मोटार उभी राहिली नाही तर तू घेऊन जा, आमाला आपल्या बैलगाड्या बऱ्या. गाड्या म्हणजे बायका घरी. घरी म्हणजे तिसरा नंबर. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि मला जेवण जात नाही असं सहसा होत नाही.

टायर आणायला सात रस्त्याला जायचं होतं. मोटारीचं जुनं-नवं सामान विकणारा एक मुसलमान दुकानदार तिथं होता. मी चौथीपर्यंत शिकलेली. इंग्रजी आकडे मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवले होते, तेवढे येत होते. जुन्या टायरावर तीस आणि पाच असे आकडे उठवलेले होते. ते मी कोळशानं एका फळकुटावर उतरवले. आमच्यात सुनेनं सासऱ्यांशी सरळ बोलायचं नसे. मी ह्यांच्याकडं तोंड करून बोलायचे, सासरे ह्यांच्याकडं तोंड करून उत्तर द्यायचे आणि हे मधे भिंतीसारखे उभे.

मी ह्यांना म्हटलं, "हे फळकूट दुकानदाराला दाखवा. टायरवर माप लिहिलेलं असतं."

सासरे ह्यांना म्हणाले, "तिला सांग, चाक अक्षरावर बसत न्हाय, दोरीवर बसतं."

त्यांनी दोरी घेतली आणि चाकाला गुंडाळून माप काढलं. पन्नास वर्षं ते असंच माप काढत होते. लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. धाव मापापेक्षा बोटभर लहान करायची, शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, जाळात लाल करायची. तापली की ती वाढते, मग चाकावर टाकून वर पाणी ओतायचं. ती आवळते आणि चाक असं घट्ट धरते की जन्मात सुटायचं नाही. सासऱ्यांना जगात चाकाची एवढीच एक रीत ठाऊक होती.

मी हट्टानं दुकानात बरोबर गेले. दुकानदारानं फळकूट पाहिलं आणि मान हलवली. तीस-पाचचा टायर त्याच्याकडं नव्हता, पुण्याहून यायला पंधरा दिवस. त्याच्याकडं दोन जोड्या होत्या. एक बत्तीस-सहाची, आमच्यापेक्षा मोठी. दुसरी कुठल्याशा हलक्या मोटारीची, आमच्यापेक्षा लहान.

"चाचा, बडा लेव," तो म्हणाला. "अंदर का घेरा एकच हाय, बाहेरून जाडा. बरोबर बैठता. ये छोटा तुमच्या रिंगवर चढताच नहीं."

सासरे हसले. "चढत न्हाय म्हणजे? तापवल्यावर चढतंय की."

"क्या तापवल्यावर?"

"आरं, मोठी धाव सैल बसती. उताराला चाक एकीकडं आन् धाव एकीकडं. धाव कवाबी ल्हानच घ्यावी."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तो लहान जोडी पुढं सरकवून म्हणाला, "लेव, चाचा. लेकिन जैसा लेके जाते वैसाच वापस लाना. बिगडा हुआ नको."

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "रबर वितळतं."

सासरे ह्यांना म्हणाले, "तिला सांग, लोखंडबी वितळतं. किती तापवायचं ते कळावं लागतं."

ह्यांनी काही सांगितलं नाही. दोघांनाही एकमेकांचं ऐकू आलं होतं.

गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत सासऱ्यांनी शेणी गोल रचल्या, त्यावर टायर ठेवला, वर पुन्हा शेणी. थोरले दीर चिमटा घेऊन, हे पाण्याची बादली घेऊन. गल्लीतली माणसं धाव चढवणं बघायला नेहमी जमत, तशी जमली. जाळ लागला. आधी वास सुटला. सासरे म्हणाले, "नवं हाय, नव्याला वास येतोच." मग धूर निघाला. बैलगाडीच्या धावेचा धूर पांढरा असतो. हा काळा होता, आणि जाड. तो सरळ वर गेला, तिथून शेजारच्या तेलुगू विणकरणीच्या दोरीवर वळला. तिनं पांढरं सूत वाळत घातलं होतं. ती बाहेर आली, सुताकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि बोलायला लागली. मला तेलुगू येत नाही. त्या दिवशी काही अडलं नाही.

"चिमटा लाव!" सासरे ओरडले. दिरांनी चिमटा लावला तर टायराचा तुकडा चिमट्याबरोबर वर आला आणि गुळाच्या पाकासारखी तार धरली. उरलेल्या टायरानं पेट घेतला. ह्यांनी अख्खी बादली ओतली. पाणी उडालं, आग तिथंच राहिली. शेवटी माती टाकून विझवली. पुढं कितीतरी दिवस गल्लीतली कुत्रीही त्या जागेला वळसा घालून जात.

सासऱ्यांनी तो काळा गोळा काठीनं उलटवून पाहिला. मग म्हणाले, "माल खोटा हाय."

उरलेला एक घेऊन आम्ही परत सात रस्त्याला गेलो. दुकानदारानं एक टायर मोजला. "दुसरा किधर?"

आमच्या कपड्यांना वास येत होता. त्यानं नाक वर केलं, एकदा इकडं, एकदा तिकडं.

"चाचा," तो म्हणाला, "पकाया क्या?"

दुकानात बसलेली दोन माणसं बाहेर जाऊन हसली, तेवढी त्यांनी लाज राखली. दुकानदार मात्र हसला नाही. त्यानं राहिलेला एक परत घेतला आणि बत्तीस-सहाची जोडी स्वतः येऊन बसवून देतो म्हणाला. मला वाटतं, ती जोडी आमच्या हाती एकटी सोडायची त्याला भीती वाटली असावी.

टायर बसले. न तापवता. सासरे बाजूला उभं राहून म्हणत होते, "सैल हाय, सैल हाय," आणि दुकानदारानं ट्यूबमध्ये हवा भरल्यावर टायर असा ताठ झाला की सासऱ्यांनी बोटानं टोचून पाहिलं आणि बोट मागं घेतलं. त्या काळात तेवढंच त्यांचं कौतुक असे.

जत्रा दोन दिवसांवर आली. पाळणा छपरावर चढवला, माणसं आत बसली आणि मोटार हलताच खालून करवत चालल्यासारखा आवाज आला. खोली सासऱ्यांनी जुन्या टायरांच्या मापानं अगदी अंगालगत बसवली होती. आता टायर वाढले होते आणि ओझ्यानं खोली खाली बसत होती. दोन्ही चाकं तळाच्या फळ्यांना घासत होती. उजवीकडं सासऱ्यांची निजायची फळी. डावीकडं माझी चूल.

उपाय सासऱ्यांना लगेच सुचला, लाकडाचं काम होतं. तळ दोन्हीकडं कापायचा आणि चाकावर वीतभर उंच लाकडी पेटी ठोकायची. उजवीकडची पेटी उशाला होईल. "आन् डावीकडची चूल काढून टाकायची. हिनं खाली भुईवर रांधावं."

भुईवर तीन दगड मांडून पुरुषही रांधतात, आजवर रांधतच आले होते. मोटारीत चूल नाही तर मोटारीत बाई कशाला? हे कुणाच्या ध्यानात यायला फार तर एक जत्रा लागली असती. जाऊ दारात उभी होती. तिच्या तर आत्ताच ध्यानात आलं होतं. ती म्हणाली, "मग ही राहू दे की घरी. मला हाताखाली कुणी न्हाय."

मी ह्यांच्याकडं तोंड केलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "पेटीवर पत्रा ठोका, पत्र्यावर हातभर माती थापा आणि चूल त्याच्यावर मांडा. मी उभ्यानं रांधीन."

सासूबाई आतून म्हणाल्या, "उभ्यानं? उभ्यानं केलेला सैपाक अंगी लागत न्हाय."

थोरले दीर म्हणाले, "खाली रबर, वर जाळ! पुन्यांदा तेच व्हय?"

"मोटार चालताना मी चूल पेटवणार नाही," मी ह्यांना सांगितलं. "आणि मला किती तापवायचं ते कळतं."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. हे खोकले. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. सासऱ्यांना असं बोलणारी सून त्या गल्लीत तोवर झाली नव्हती. मला वाटलं, आता मोटारही गेली आणि चूलही. सासरे उठले, करवत घेतली आणि तळ कापायला लागले. दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही पेट्या ठोकल्या. मग कुणाला काही न सांगता घमेलं घेऊन माती आणायला गेले. माती हातभर नाही, दीड हात थापली.

जत्रेत पहिल्या दिवशी बायका पाळण्यापेक्षा मला बघायला जास्त जमल्या. उभ्यानं भाकरी थापणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. एक म्हातारी ओरडून म्हणाली, "अगं बस की, पाय गळून पडतील!" मी म्हटलं, "पडले तर इथंच पडतील, दुसऱ्याच्या दारात नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो भुईमुगाचा व्यापारी आला. मोटार वेळेत उभी राहिली आणि इथवर आली हे त्याला दिसत होतं, तरी त्यानं हेका सोडला नाही. सासऱ्यांनी त्याला जेवायला बसवलं. माझ्या हातची भाकरी आणि वांगी खाऊन तो म्हणाला, "मग द्या की मोटार. गाड्याच बऱ्या म्हणत होता."

मी तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपत होती, ते मला दिसत होतं.

सासऱ्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "आता न्हाय जमायचं. वर मातीची चूल हाय. ती काढली तर तळ उघडा पडतोय."

व्यापारी म्हणाला, "मी चुलीसकट घेतो."

"चुलीसकट?" सासरे म्हणाले. "मग बाई बी द्यावी लागंल. तिच्याबिगर ती चूल दुसऱ्या कुणाला पेटत न्हाय."

हे खोटं होतं. ती चूल कुणालाही पेटली असती. व्यापारी आणखी एक भाकरी मागत होता. मी त्याला ती करपलेली वाढली.