बाण जपानात, गाडी वर्तकनगरात

सदाच्या दुकानात दोन गोष्टी साठतात, तुटक्या वायरी आणि किस्से. वायरी निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून तुम्हीच ऐका!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ठाण्यात वर्तकनगरला सदा गाड्यांत टेप बसवायचा. ऑफिस सुटलं की मी तिथे, आणि भूगोलाचे रिटायर्ड जोशी सरही तिथेच. एकदा मासळीचा धंदा करणारे आमचे नाखवा जीप घेऊन आले आणि सदासमोर खोकं ठेवलं. त्यांचा धाकटा भाऊ दामू मालवाहू बोटीवर. त्याने जपानच्या बंदरात एक जुना सेट घेऊन मित्राबरोबर धाडलेला. गाडीतला टीव्ही, आणि वर रस्ताही दाखवणारा!

सोबत नाखवांची आय आलेली. दामू होळीला येणार होता, तो आलाच नव्हता. तिने खोक्याकडे बघितलं न बघितलं. "यो आला. माजा दामू कवा येल?"

*

बटण दाबलं तर आतून एक बाई जपानीत बोलायला लागली. सदाने घाबरून सेट बंद केला.

"अरे, किती नम्रपणे बोलतेय ती! घाबरतोस काय?" जोशी सर म्हणाले.

"सर, आमची ही भडकली की अश्शीच नम्र बोलते!"

*

जपानची टीव्हीची सिस्टिम वेगळी, आपली वेगळी. चित्र यायचं, आवाज गुल. "आवाजाला रेडिओ लावू, हाय काय नाय काय!" सदा म्हणाला.

पडद्यावर बातम्या, मंत्र्यांची बैठक चाललेली. रेडिओवर एक बाई सांगत होत्या, "आता यांना मंद आचेवर परतून घ्या. हळूहळू पाणी सुटेल."

जोशी सर हसून हसून फुटपाथवरच बसले!

*

गाडी हलली की चित्र गायब! सदाने बरंच डोकं आपटलं, तेव्हा कळलं की हँडब्रेक ओढलेला असला तरच टीव्ही दिसतो. ड्रायव्हरने चालवताना बघू नये म्हणून. नाखवांनी लगेच तोडगा काढला. हँडब्रेक थोडा ओढूनच ट्रायलला शीळफाट्याकडे निघाले. मागे मी बसलेलो. अर्ध्या वाटेत नाकात वास गेला.

"नाखवा, काहीतरी जळतंय!"

"टीव्हीवर सयपाकाचा परोगराम लागला असंल!"

*

राहिला नकाशा, सेटमधल्या तबकडीवरचा. त्यात फक्त जपान, आणि एका बंदरावर अडकलेला लाल बाण. जोशी सरांनी अ‍ॅटलास उघडून शोध लावला, "हा बाण म्हणजे गाडी. सेट शेवटचा जिथे चालला, तिथेच थांबलाय. दामूने घेतला ते बंदर!"

आयने फक्त 'दामू' आणि 'बंदर' ऐकलं.

झालं! रोज संध्याकाळी ती जीपमध्ये येऊन बसायची. सेटच्या काचेवरून पदर फिरवायची, बाणाला विचारायची, "जेवलास का रं?" बाण हलत नाही म्हणून तिचा जीव खालीवर व्हायचा. "एकाच जाग्यावर का हाय? आजारी तं नाय ना?" खरं सांगायला कोणाची जीभ रेटायची नाही हो.

आणि एके दिवशी सदाला खोक्याच्या तळाशी नकाशाची, उपग्रहाशी जोडणारी अँटेना सापडली. आय गाडीत बसलेली असतानाच पठ्ठ्याने ती जोडली! सेटला आपण ठाण्यात आहोत याचा पत्ता लागला, पण तबकडीत ठाणं कुठलं? बाण थरथरला, बंदरावरून उडाला. जपान गायब. पडद्यावर ना जमीन, ना रस्ता, नुसतं निळं, आणि मधोमध बाण.

"मेलो!" सदा पुटपुटला.

आयने टाळी वाजवली. "निंगाला! माजा दामू निंगाला गो!"

सदा हळूच नाखवांच्या कानाशी लागला, "वायर काढू का? बाण कदाचित जाईल परत बंदरावर."

नाखवांनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावशील तं बग! पोर दर्यान हाय."