ठरावातली खोडलेली ओळ

बायको गेल्यावर मी गावातलं घर बंद केलं आणि शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरात, राहायला आलो. लोकांना वाटलं, निवृत्त मास्तराला म्हातारपणी शेतीचा नाद लागला. तसं काही नव्हतं. घरात तिनं लावलेलं सगळं जागच्या जागी होतं आणि मला ते बघवत नव्हतं, एवढंच.

ताडकळसला जाणाऱ्या डांबरी रस्त्यावरून आमच्या शिवारात एक वाट उतरते. आखाड्यापर्यंत ती माळाची, निदान मोटारसायकल तगेल इतकी टणक. पुढं सगळी काळी जमीन. पावसाळ्यात त्या मातीत गाडी घातली की चाकं चिखलानं जाम होतात आणि गाडी खांद्यावर घ्यायचीच तेवढी बाकी राहते. म्हणून पुढच्या रानातले सहा जण गाड्या माझ्या लिंबाखाली लावत आणि चालत जात. किल्ल्या ओसरीतल्या खिळ्यांना अडकवत, पाऊस वाढला तर मी गाड्या शेडमध्ये ढकलाव्यात म्हणून. परतताना हौदावर गुडघ्यापर्यंत पाय धुवायचे, बाजेवर टेकायचे, चहा व्हायचा. कुणाचं सोयाबीन पिवळं पडलं, कुणाची सून रुसून माहेरी गेली, हे मला तिथं बसल्या बसल्या कळायचं. मी आपला कपाळाला आठ्या घालून बसायचो. आखाड्याचं पार बसस्टँड करून टाकलंय, असं तोंडावर म्हणायचोही. साखर संपली की जरा जास्तच म्हणायचो.

तरीही रस्त्याचा हट्ट धरला तो मीच. मुलगी नांदेडला बँकेत आहे. एका श्रावणात ती गाडी घेऊन आली आणि रात्रीच्या पावसात गाडी रुतली. दोन दिवस तिला राहावं लागलं. चिडचिड केली, मग आईच्या जुन्या साड्यांची ट्रंक उघडून बसली, दुसऱ्या दिवशी तिनं पिठलं केलं आणि आम्ही दोघं बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवलो. जाताना म्हणाली, "बाबा, रस्ता होईपर्यंत मी पावसाळ्यात येणार नाही." ते मला लागलं. दुसऱ्याच दिवशी मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला.

पंचायतीचं म्हणणं होतं, माती-मुरूम आम्ही टाकतो. पण दोन्ही बाजूच्या शेतकऱ्यांनी धुरे, म्हणजे बांध, मागं घेऊन जागा सोडावी, सगळ्यांच्या सह्या द्याव्यात आणि पुढं दरवर्षीची डागडुजी आपली आपण करावी. शेतकरी म्हणाले, जागाही आमची आणि डागडुजीही आमची, मग पंचायत काय नुसता नारळ फोडणार? पहिल्या दोन बैठका कुणाच्या आजोबांनी कुणाचा धुरा किती सरकवला यातच गेल्या. तिसऱ्या बैठकीला मी कागद-पेन घेऊन मधोमध बसलो. ज्याचं रान लांब, तो रस्ता जास्त वापरणार, म्हणून त्याचा डागडुजीचा वाटा जास्त, असा हिशेब मी मांडून दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच वर्गावर उभं राहिल्यासारखं वाटलं मला.

राहिले एकटे आप्पा. त्यांचं रान माझ्या लगतचं, रस्त्याला सगळ्यात लांब लागलेलं, म्हणजे सगळ्यात जास्त जागा त्यांचीच जाणार. ऐंशीच्या घरातला माणूस, कपाळावर भस्म, बोलणं मोजकं. बैठकीला ते आलेच नव्हते. अडवून धरणार हे मी गृहीत धरलं आणि भांडायच्या तयारीनं त्यांच्या घरी गेलो.

जागेबद्दल त्यांनी काहीच कुरकुर केली नाही. घ्या म्हणाले. त्यांची अट दुसरीच होती.

"डागडुजीला पैसे न्हाईत. वर्षातून एक दिवस दर घरचा एक माणूस फावडं घिऊन यायचा. तसं लिव्हा."

मी समजावलं, की आता एकमेकांच्या कामाला जायचे, सावडीचे दिवस गेले, लोकांना वेळ नाही, पैसे गोळा करून मुरूम टाकून घेणंच सोपं.

"पैशानं रस्ता व्हईल, गुरुजी. माणसं कशानं येतेल?"

म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून मी ती ओळ मसुद्यात लिहिली आणि खाली त्यांची सही घेतली. पुढच्या बैठकीत मी ती वाचली तेव्हा सगळे हसले. एक जण म्हणाला, फावडं घरात आहे की नाही तेच बायकोला विचारावं लागेल. मीही हसलो. सगळ्यांसमोर ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, डागडुजीचा वाटा रोख द्यावा. आप्पांना सांगायला गेलो नाही. त्यांची सही तर झालेलीच होती.

त्या उन्हाळ्यात रस्ता झाला, आणि चांगला झाला. पावसाळा लागला तशी मी साखरेचं मोठं पुडकं आणून ठेवलं. सकाळी गाड्यांचा आवाज आला, मी ओसरीवर उभा राहिलो. एकेक गाडी समोरून गेली. कुणी मान हलवली, कुणी हॉर्न वाजवला. थांबलं कुणीच नाही, आणि का थांबावं? त्यांची गाडी आता थेट त्यांच्या विहिरीपर्यंत जात होती. ओसरीतले खिळे रिकामे राहिले. हौदातलं पाणी मी एकटाच वापरत होतो, ते हिरवं व्हायला लागलं.

मुलगी आली. भर पावसात आली, ठरल्याप्रमाणे. साडेअकराला आली आणि तीनला निघाली. रस्ता छान झालाय बाबा, आता अंधाराआधी घरी पोचते, म्हणाली. मी तिला डांबरीपर्यंत सोडायला गेलो आणि परत येताना त्या सुंदर रस्त्यावर मला रडू आलं. कुणी बघितलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी डागडुजीचा दिवस आला. सगळ्यांनी आपापला वाटा फोनवरूनच पाठवला, एकानंही टाळाटाळ केली नाही. मुरमाच्या दोन ट्रॉल्या आल्या. ड्रायव्हर एक रस्त्यावर ठिकठिकाणी आणि एक आखाड्यामागं ओतून निघून गेला. ढीग पसरायला मजूर सांगितला होता, तो आलाच नाही. तरी मी सकाळीच मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं होतं. का ते विचारू नका.

नऊच्या सुमाराला आप्पा आले. खांद्यावर फावडं, हातात घमेलं, डोक्याला पंचा बांधलेला. त्यांनी रस्त्यावर इकडं-तिकडं बघितलं.

"बाकीचे?"

शाळेत पोरांनी पाटी फोडल्यावर जसं खाली बघून उभं राहावं तसा मी उभा होतो. म्हणालो, "आप्पा, ती ओळ मी खोडली."

"ठावं हाय मला," ते म्हणाले, आणि फावडं ढिगात घातलं.

आम्ही दोघांनी दुपारपर्यंत मुरूम पसरला. ते ओढायचे, मी घमेलं टाकायचो. चार घमेल्यांनंतर दोघंही बसायचो. आप्पांनी मला त्यांच्या मालकिणीबद्दल सांगितलं, ती गेल्याला किती वर्षं झाली, आणि अजूनही ते सुनेला दोन भाकरी जास्तीच्या थापायला लावतात हेही. मी पहिल्यांदाच कुणापाशी गावातल्या बंद घराचं बोललो. रस्ता गाड्यांसाठी होता, पण वर्षभरात मला त्यावर भेटलेला तो पहिला माणूस.

शेवटी माझ्या दारासमोरचा एक खड्डा राहिला. आप्पा दमले होते. म्हणालो, हा मी उद्या भरतो. त्यांनी खड्ड्याकडं बघितलं, आखाड्यामागच्या ढिगाकडं बघितलं, आणि चहा पिऊन घरी गेले.

त्याला आता तीन आठवडे झाले. खड्ड्यापाशी येऊन गाड्या हळू होतात. काल संध्याकाळी एकानं पाय टेकला, गाडी चालूच ठेवून विचारलं, "गुरुजी, एवढा खड्डा कसा काय राहिला?"

"मुरूम कमी पडला," मी म्हणालो. "चहा घेता का?"