पेशंट कोण?

तिकडे आखातात, गुदैबियातल्या दवाखान्यात कुणीही आलं की जाधव सिस्टर आधी विचारायच्या, "पेशंट कोण?" मग पेशंट सोडून बाकी सगळ्यांना खुर्चीवरून उठवायच्या, नवरा असो की कंपनीचा मॅनेजर. बाई महाडच्या. बोलणं तिकडचंच, मध्येच एखादं अरबी "यल्ला", म्हणजे चला, नाहीतर "खलास".

आखाती युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. सिस्टरच्या पेशंट शैलाचा नवरा, एसी मेकॅनिक, कामावरच अचानक गेला, तेव्हा तिला सहावा महिना होता. बाळंतपणानंतर दोन महिन्यांपर्यंत व्हिसा वाढवून मिळाला, पण गावी आधीच दोन मुली. तिसरं दत्तक द्यायचं तिनेच ठरवलं. आम्हाला मूल नव्हतं. सिस्टरनी गाठ घालून दिली, ती अट घालूनच. "खर्च तुम्ही करायचा, पण पैसे दवाखान्यात भरायचे. आणि उद्या पोरीचं मन बदललं तर तोंड वाकडं करायचं नाही. कबूल?"

आम्ही मोठ्या तोंडाने कबूल केलं.

आठव्या महिन्यात शैलाचं बीपी चढलं. तिला ॲडमिट करावं लागलं, बिल फुगत चाललं, आणि आमच्या मनातलं पाप वर आलं. ह्यांनी ऑफिसात कागद टाइप केला: मूल न दिल्यास सर्व खर्च परत करीन. दर जयंतीला स्टेजवरून समतेवर भाषण ठोकणारा माणूस हा! सलाईन लावलेल्या हाताने त्या पोरीने सही केली. आजही आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

शैलाने उशीखाली ठेवलेली कॉपी सिस्टरच्या हाती लागली. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पेशंट कोण?"

"शैला," हे म्हणाले.

"मग बिल कुणासाठी भरताय?"

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या.

"सही करताना कागदाखाली पॅड कुणी धरलं होतं?"

"मी," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

सिस्टरनी ह्यांच्याकडून मूळ कागद मागून घेतला आणि दोन्ही फाडले. "खलास," शैलाला म्हणाल्या. "तू कुणाचं काही देणं लागत नाहीस. सव्वा महिना बाळ तुझ्याजवळ राहील. मग हो म्हण, नाही म्हण. तोवर हे दोघं तुला काही विचारणार नाहीत."

मुलगी झाली. शैला सव्वा महिना सिस्टरच्या खोलीवर राहिली. बिलं आम्ही भरली. डिंकाचे लाडू मी पोचवायचे आणि दारातूनच परत यायचे. तेव्हा सिस्टरचा इतका राग यायचा की काही विचारू नका. सव्वा महिना सरला आणि शैलाने स्वतः पोर माझ्या मांडीवर ठेवली. "प्रज्ञा नाव ठेवा," एवढंच म्हणाली. तेच ठेवलं. कायद्याचे कागद गावी जाऊन केले.

प्रज्ञा सोळा वर्षांची असताना महाडहून सिस्टर गेल्याचा फोन आला. मी रडत बसले. कोण होत्या त्या, म्हणून तिने खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगावं लागलं. मग तिने, नेहमीप्रमाणे इंग्रजीतच, विचारलं की तिला आम्ही पैसे देऊन घेतलं होतं का.

"नाही," मी म्हणाले. सिस्टर होत्या म्हणून ते खरं होतं.

मग पॅड कुणी धरलं होतं, तेही सांगितलं.