तिघांच्या मापाचा सफारी

आमच्या घरात पुरुष तीन होते आणि चांगला पोशाख एक. ही गरिबी नव्हती. हा माझा सिद्धांत होता.

भंडाऱ्याला मास्तरकीचं शिक्षण घेऊन मी अड्याळजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा माझं वय बावीस होतं आणि अक्कल त्याच्या निम्मी. सत्तर सालानंतरचे ते दिवस. कुठल्याशा मासिकात मी साध्या राहणीवर एक लेख वाचला होता (अर्धाच, पुढची पानं कुणीतरी भजी बांधायला फाडून नेली होती), आणि तेवढ्या भांडवलावर मी घरच्यांना सुधारायला निघालो. शिक्षणाचा आणखी एक परिणाम म्हणजे मी घरातही छापील मराठी बोलू लागलो होतो.

"कपडे मोजकेच हवेत," मी ओट्यावर उभा राहून जाहीर केलं. "पण असे हवेत, की एकच कपडा सगळीकडे चालला पाहिजे!"

"म्हंजे आंघोळीले अन् वरातीले एकच?" आईनं विचारलं.

"आई, तुला तत्त्व कळत नाही."

"नाही कळत बा. पन मंग दांडीवर मी काय वाळू घालू, तत्त्व?"

अडाण्यांशी वाद घालायचा नाही, असं मी शिकून आलो होतो. त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या पेट्या उपसल्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारावर आली, तिच्यापुढे हाती लागेल ते ओतलं आणि बदल्यात झाकण न लागणारा एक स्टीलचा डबा पदरात पाडून घेतला. त्या दिवशी मी इतका खूश होतो, की डबा घेऊन गावभर दाखवत फिरलो.

मग सफारी सूट शिवायचं ठरलं. तेव्हा सफारीची नवी टूम निघाली होती. वरचा सदरा पँटच्या बाहेर सोडायचा, त्यामुळे पँटीच्या कमरेला आत दोरी आहे की पट्टा, हे जगाला दिसत नाही. म्हणजे एक सूट तिघांना चालणार! तिघं म्हणजे माझा थोरला भाऊ देवरावदादा, चुलतभाऊ गुलाब आणि मी. बदामी रंगाचं टेरीकॉट घेऊन आम्ही भंडाऱ्याच्या शिंप्याकडे गेलो.

"माप कोनाचं घ्याचं?" शिंप्यानं विचारलं.

"तिघांचं."

"तिघायचं? मंग सूट काहून शिवता? तंबू शिवा ना!"

शेवटी लांबी ताडमाड देवरावदादाची घेतली, घेर पोटपुढ्या गुलाबचा घेतला आणि माझं काहीच घेतलं नाही. घेण्यासारखं काही नव्हतंच. दादाची पाळी असली की आई पँटीची दुमड उसवायची, माझी असली की पुन्हा टाचायची. कमरेला मी नाडा बांधायचो. आरशात पाहिलं की खुंटीवर टांगलेला सफारी चालत येतोय असं वाटायचं, पण साधी राहणी म्हटली की एवढं सोसावंच लागतं, अशी मी माझी समजूत काढत असे.

आता आमच्याकडची एक चाल सांगायला हवी, कारण तिनंच घात केला. मुलगी पाहायला जायचं तर जमेपर्यंत गावाचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव काढलं की कुणीतरी मोडता घालतं, अशी पक्की समजूत! मग घरातसुद्धा थापा. कुणी बी-बियाणं पाहायला जातो, कुणी लग्नाला जातो. नकार आला तर आपण कुठं गेलोच नव्हतो, असं तोंड करून जेवायला बसतो.

माझ्या मामानं कानात करडीच्या स्थळाचं नाव सांगितलं, तेव्हा मी खाटेवरून पडायचा राहिलो. मोहाडीला शाळांच्या खेळांच्या स्पर्धेत मी त्या मुलीला एकदा पाहिलं होतं. शकुन तिचं नाव. शर्यतीत मागं पडलेल्या धाकट्या भावाला ती अशी ओरडून पळवत होती, की शेजारच्या रांगेतली पोरंही घाबरून जोरात धावली. मला ती मनापासून आवडली होती. हीच मुलगी पाहिजे, दुसरी नको, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

"शाळेच्या कामानं जातो," असं घरी सांगून मी सफारी काढला, तर डाव्या खिशावर हळदीचा वितभर डाग! सूट शेवटी गुलाबनं नेला होता.

"हे काय केलंस?"

"बपेऱ्याच्या लग्नात वरन सांडलं," गुलाब म्हणाला, आणि लगेच त्याला गोठ्यात काम आठवलं.

"खिशाले दोन पेनं लाव अन् वरून रुमाल लोंबव," आई म्हणाली. "मास्तरच दिसशीन."

मी दोन पेनं लावली. रुमालही लोंबवला. मामा आणि मी दोन बस बदलून करडीला पोचलो.

मुलीचे वडील भले माणूस. त्यांनी खाटेवर सतरंजी घातली, पाणी दिलं. दारात मुलीची आत्या उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर सदऱ्यावरून पँटीवर आणि पँटीवरून पुन्हा सदऱ्यावर फिरत होती. मला वाटलं, सूट आवडला!

शकुन पोह्यांची बशी घेऊन आली. बशी माझ्यापुढे धरताना ती एकदम थबकली, आणि लांब हात करून बशी खाटेवर ठेवून मागे सरली. मी याला लाज समजलो. (मास्तरांना मुलांचं मन कळतं म्हणतात!)

मुलीचं अक्षर पाहायची तेव्हा पद्धत होती. मी भारदस्त आवाज काढला, "आपलं नाव लिहून दाखवा," आणि ऐटीत खिशातलं पेन उपसलं. पेनाबरोबर रुमालही आला, आणि पिवळाधमक डाग उघडा पडला.

शकुननं पेन घेतलंच नाही. "हा डाग माह्या हातचा हाय," ती म्हणाली.

"काय म्हनली व?" वडील दचकले.

"मागच्या पंधरवड्यात तो जाडा आला होता ना बाबा. त्यानं घाईघाईनं बशी ओढली, तवा सांडला."

जाडा! म्हणजे गुलाब! बपेऱ्याचं लग्न करडीत लागलं होतं तर. मी घाम पुसत म्हणालो, "योगायोग असेल. एकाच ताग्यातून पुष्कळ कापड निघतं."

"मंग तिसरा कोन?" आत्या आता पुढे सरसावली. "शिमग्याच्या आधी एक काळा पोट्टा आला होता, तोही याच सफारीत! मी त म्हनतच होती, का कपडा वळखीचा वाटून राहिला!"

हा काळा म्हणजे देवरावदादाचा साळा. दादानं सूट त्याला परस्पर दिला होता. तीन महिन्यांत एकाच बदामी सफारीनं एकाच मुलीला तीनदा मागणी घातली होती, आणि दर खेपेला आत माणूस वेगळा! मामा सतरंजीचे दोरे मोजायला लागला.

इथं शहाणा माणूस पोहे खाऊन उठला असता. मी तत्त्वावर आलो! उभा राहिलो, आणि मोजक्या कपड्यांचं महत्त्व, एका पोशाखाचे अनेक उपयोग, असं सगळं व्याख्यान त्या माणसांना ऐकवलं. बोलता बोलता उजव्या पायाची टाचलेली दुमड सुटली आणि पँट पायाच्या बोटांपलीकडे गेली. मी तरीही थांबलो नाही.

शकुननं सगळं नीट ऐकून घेतलं. हसली नाही, हे जास्त वाईट. मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी बाया किती हायेत जी?"

"दोन. आई आणि वहिनी."

"अन् लुगडे?"

मला खरोखर ठाऊक नव्हतं. पेटी उपसताना आईची कोणती लुगडी गेली, हे मी पाहिलंही नव्हतं. ती रोज कोणतं नेसते, तेही आठवेना. मला त्या क्षणी इतकी शरम वाटली, की ती अजून पुरती गेलेली नाही.

"पोरायले मोजनं शिकवता ना तुमी?" एवढंच ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी एका हातानं पँट वर धरून करडीच्या बस थांब्यापर्यंत चालत गेलो. मामा माझ्यापासून वीस पावलं पुढे होता, आणि कुणी ओळखीचं दिसलं की आणखी पुढे जात होता.

आठ दिवसांनी नकार आला. नकार येणारच होता, त्याची तयारी मी ठेवली होती. पण तो घेऊन आलेल्या माणसाच्या हातात एक पुडकं होतं. त्यात हिरव्या काठांचं नवंकोरं लुगडं. "पोरीनं मास्तरच्या मायसाठी धाडलं," म्हणून त्यानं ते आईच्या हातात दिलं, चहा घेतला आणि गेला. ते परत पाठव, असं मी आईला तीनदा सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

त्यानंतर माझ्यासाठी पुष्कळ मुली पाहिल्या. दर खेपेला आई हट्टानं सोबत यायची आणि तेच लुगडं नेसायची. मुलीकडच्या बायका काठाला हात लावून विचारायच्या, "लुगडं मोठं झाक हाय हो, कोनं घेतलं?"

आई माझ्याकडे बोट दाखवून कौतुकानं सांगायची, "याले नाही म्हनलं ना, त्या पोरीनं देल्लं. लय हुशार पोरगी होती!"