आठ वर्षांनीही भक्कम

नांद्यात मी ज्यांच्या खोलीत भाड्याने राहतो, त्या सारजाबाईंना रागवायला कारण लागत नाही. टाकीत पाणी कमी आलं तरी आधी माझ्याकडे बघतात. पण २०१० च्या मार्चमध्ये त्यांना खरोखरचं कारण मिळालं.

म्हशीने मान उडवली आणि त्यांचे वरचे तीन दात गेले, ही जुनी गोष्ट. मग कित्येक वर्षं बाई तोंडाला पदर लावून बोलायच्या. २००१ साली थोरल्या लेकाने हट्टाने पुण्याला नेलं. तोवर दातांच्या जागचं हाड झिजलेलं. डॉक्टरांनी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवला, तो रुजल्यावर त्यात स्क्रू रोवले आणि पुढच्या वर्षी त्यांवर दात चढवले. "माझी कंबर तोंडात हाय, जपून बोल," असा दम मला अधूनमधून मिळतो.

त्या मार्चमध्ये त्यातला एक दात भाकरी तोडताना हातात आला, दुसरा हलू लागला. रुमालात दात बांधून बाई माझ्या गाडीवर मागे बसल्या.

पुण्याच्या त्याच दवाखान्याच्या भिंतीवर त्यांचाच हसरा फोटो. चष्मा घरी राहिलेला, म्हणून खालचं मला वाचायला लावलं. 'कमरेचं हाड बसवून रोवलेले दात. आठ वर्षांनीही भक्कम.' मी वाचलं, ही माझी चूक.

आत डॉक्टरांनी एक्स-रे बघून मिश्री लावता का, विचारलं. दिवसातून चार वेळा, बाईंनी अभिमानाने सांगितलं, दात चांगले राहावेत म्हणूनच तर. डॉक्टर म्हणाले, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, तिनेच स्क्रूभोवतीचं हाड खाल्लं. जुना कागदही काढला. 'तंबाखू खाता का?' पुढे 'नाही', खाली बाईंची सही.

"खात न्हाईच. मिश्री लावत्यात, ती काय खात्यात व्हय? आमच्याकडं घरटी एक बाई लावती. येवढं इचारायचं सुचलं न्हाई तुमाला?"

फोटोचं काय, हे मग मीच विचारलं. तिसऱ्या वर्षापासून आजी तपासणीला आल्या नाहीत, म्हणजे दात ठीक असणार असं धरलं, असं उत्तर आलं.

"आलं न्हाई म्हंजी बरं हाय? मेली आसते तरी भक्कमच लिवलं आसतं."

डॉक्टर वरमले. फोटो आजच उतरवतो म्हणाले.

"उतरायचा न्हाई. झालं त्ये खाली लिवा. भाईर बसल्यात त्या बायांनी वाचाया पायजे."

लिहायला अर्थात मी. भक्कमवर काट मारली, खाली लिहिलं: 'एक पडला, एक हलतो. मिश्री लावायची, कोणी विचारलं नाही.' बाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. बाहेरच्या बाकावरच्या एका बाईने कनवटीची मिश्रीची डबी चाचपली.

सारजाबाईंनी आपली डबी फेकली नाही. ती मांडणीवर आहे, बंद. रोज सकाळी तिच्यासमोर उभं राहून त्या डॉक्टरला, डबीला आणि वेळ उरला तर मला शिव्या देतात. तिसरा दात अजून जागेवर आहे. शिव्या देताना स्वच्छ दिसतो.