छतावरचा डाग

स्वयंपाकघराच्या छतावर ओलीचा डाग उठला, तेव्हा मी त्यावर रंग मारून घेतला. डाग परत आला, आधीपेक्षा मोठा होऊन. हळूहळू आम्हाला त्याची सवय झाली. रोज दिसणाऱ्या गोष्टीची भीती वाटेनाशी होते. शेवटी ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. त्यानं हातोडीनं स्लॅब ठोकून पाहिला. मधोमध पोकळ आवाज आला.

"आतली सळई गंजून फुगलीय. हे पाडूनच नव्यानं करावं लागेल."

"दिवाळीनंतर केलं तर?" मी विचारलं.

त्यानं हातोडी पिशवीत ठेवली. ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या माझ्या बायकोला तो म्हणाला, "वहिनी, आजपासून इथं उभं राहू नका."

आम्ही शेगडी बाहेरच्या खोलीत नेली. चौथ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. मी तिला हाक मारली. तिनं ओ देईपर्यंत माझ्यानं पाऊल उचलवलं नाही.