दोन राण्यांची दंडार

दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-नाट्यात, राणीचं सोंग घेणाऱ्या बाभुळगावच्या देवरावांनी बारा वर्षांपूर्वी आपला शालू पेटीत ठेवला, तो कायमचा. कापसानं दगा दिलेल्या त्या सालांत गडीमाणसं पुण्या-सुरतेकडं निघून गेली. दंडार नाचायला माणसं पुरेनात, म्हणून शेजारच्या गावाचा संच आणि यांचा संच एक झाला. पण कुणी कोणतं सोंग सोडायचं, हे मानापायी कुणी विचारलंच नाही. पहिल्याच खेळाला दोन राण्या एकदम बाहेर आल्या! मंडप हसून लोटपोट झाला. पलीकडची राणी, बळीराम, उंच आणि गोड गळ्याचा. पदर सावरून देवराव चार पावलं मागं सरले आणि त्यांनी झांजा उचलल्या. तेवढा हंगाम त्या वाजवल्या, मग त्याही पेटीत टाकून घरीच बसले.

यंदा बळीराम स्वतः दारी आला होता. "तुमच्या झांजेबिगर माहा पाय उचलत नाही, देवरावभाऊ."

"जास्तीचा माणूस मी. कायले नेता?" देवरावांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. उद्यापासून तालीम होती.

त्या संध्याकाळी नात मैत्रेयी अंगणात कापसाच्या वाती मांडून बसली. कॉलेजात तिला एका परदेशी बेडकावर बोलायचं होतं.

"एवढ्या वाती? लगन लावून राह्यली का बेडकाचं?"

"तसंच समजा, आबा. ही त्याची गुणसूत्रं. लाखो वर्षांमागं बेडकाच्या दोन जाती एक झाल्या. दोघींचे पुरे संच एकाच अंगात आले. एकेका कामाले दोन-दोन गडी."

देवराव सरसावून बसले. "मंग?"

"एक संच बराचसा तसाच राह्यला. दुसरा झिजला. एका जोडीची एक वात धरा. नऊ लांब, नऊ आखूड."

"आखूडवाल्यायले हाकललं म्हण ना!"

"नाही ना, आबा. त्याइच्यातलं बरंच गळालं. पण उरलं त्यानं कुठं काम वाटून घेतलं, कुठं नवंच धरलं. आता त्याइच्याबिगर बेडकाचं भागत नाही."

नाल्याकाठी बेडूक सुरात लागले होते. उतरत्या उजेडात देवरावांना वाती हलल्यासारख्या वाटल्या. लांब पुढं, आखूड मागं, अशा दोन ओळी अंगणभर नाचू लागल्या. मागच्यांच्या हाती झांजा होत्या, आणि पुढचं प्रत्येक पाऊल त्यांच्याच ठेक्यावर पडत होतं. कितीतरी वेळ ते पाहत राहिले.

"मैत्रेयी, पेटी उघड बरं."

"शालू काढू?"

"शालू कायले? झांजा काढ. हिरव्या पडल्या असतीन. अन् येताना मूठभर चिंच आण."